पुन्हा आठवी

आठवीत मी गणितात नापास झाले आणि त्याच वर्षी माझी धाकटी बहीण सातवी पास झाली. म्हणजे जूनपासून आम्ही दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर. माहीमला आमच्या आळीत ही बातमी निकालाच्या दिवशीच फिरली. माझ्यापेक्षा आईलाच ते जास्त लागलं.

शाळा सुरू झाली आणि मला वर्गात बसवेना. इतिहासाचे सर पुढे काय सांगणार, कुठल्या लढाईला आवाज चढवणार, सगळं ठाऊक. बाकाखाली माझा पाय सारखा हलायचा आणि बहीण गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरायची. पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठायची, व्हरांड्यात रेंगाळायची, परत येऊन बसले तरी जीव बाहेरच.

पहिल्या चाचणीत मराठी, इतिहास, भूगोलात मी वर्गात वर आले. "बघा, एक वर्ष मागं राहिली ते बरंच झालं," असं लोक वडिलांना म्हणू लागले. पण त्या विषयांत मी आधीही पासच होते! गणित होतं तिथेच होतं. तेच सर, तीच उदाहरणं. सहामाहीत पुन्हा नापास.

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीने ओटीवर खडूने एक उदाहरण घालून दिलं. मी सोडवू लागले, तशी ती मध्येच म्हणाली, "ताई, थांब. कंसाआधी उणे असलं तर आतली चिन्हं बदलतात. तुला म्हाईत नाय?"

"मला कुनी शिकवलंच नाय."

"सहावीत शिकवलं हाय."

सहावीत मी टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. बरी झाले आणि कशीबशी सातवीत गेले. तेव्हा सुटलेलं कुणी पुन्हा विचारलं नव्हतं, मीही नाही.

सुट्टी संपल्यावर मी गणिताच्या सरांना गाठलं. "सर, मला सहावीच्या तासाला बसू द्या."

"लाज नाही वाटणार?"

"वाटेल."

त्यांनी बसू दिलं. पोरं खुदुखुदु हसायची, "पुढच्या वर्षी चवथीत बसनार ही!" कान तापायचे, कधी एकदा घंटा होते असं व्हायचं. तरी जात राहिले. हळूहळू उण्याची भीती गेली.

वार्षिक परीक्षेत काठावर सुटले. दहावीला आम्ही बहिणी एकदमच बसलो, दोघीही पास झालो. तिला माझ्याहून पुष्कळ जास्त मार्क होते आणि त्याचं मला वाईट वाटलं, हेही खरं.

लग्नानंतर बोईसरला मी शिकवण्या घेऊ लागले. कामगारांची मुलं यायची. एकदा एक बाई मुलाला पुढे ढकलत म्हणाली, "सातवीं में फेल हुआ है, फिर से वही पढ़ाओ."

मी मुलालाच विचारलं, "उससे पहले कब स्कूल छूटा था?"

तो आईकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "पाँचवीं में. गाँव गए थे."

आम्ही पाचवीपासून सुरुवात केली.