पॅनल बसवल्यानंतर

२ नोव्हेंबर. नवं धान यायच्या आत मिलच्या मोटरवरचा कोंडा झाडायला घेतला. हे काम माझ्या थोरल्या जावेचं, मंदाबाईंचं. त्यांना जाऊन महिना होत आला होता. त्या गेल्या त्या दिवशीही मी मिलमध्येच होते. शेजारची मुलगी धावत आली, मोठ्या बाई दुपारच्या झोपेतून उठत नाहीत म्हणाली...

चामोर्शीतली ही राईस मिल आम्ही दोघी जावा चालवत होतो. गिऱ्हाईक माझ्याकडे, वीज त्यांच्याकडे. मोटर सुरू झाली की त्या टाँग टेस्टर काढत, म्हणजे चिमट्यासारखा जबडा असलेला मीटर. एकेक तार जबड्यात धरायची. आतल्या तांब्याला न टेकता, तारेभोवतीच्या चुंबकत्वावरून तो करंट सांगतो. व्होल्टेजसाठी मात्र दोन टोकं टेकवावीच लागतात. एकदा घाईत मी तिन्ही तारा एकत्र धरल्या, त्यांचे करंट एकमेकांना खोडून गेले आणि मीटरवर शून्य आलं. गिऱ्हाइकांसमोर त्या म्हणाल्या, "तिघी जावांचं भांडन घरातच मिटते, बाहेर काय दिसन? एकेकीले धर."

उन्हाळ्यात मी पॅनल बसवलं. तिन्ही तारांचा करंट, व्होल्टेज, सगळं समोर दिसतं. काही बिघडलं तर मोटर आपोआप बंद होते. तरी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, चालत्या पट्ट्याशेजारून टेस्टर घेऊन जायच्या.

"बाई, आकडे दिसतेत ना तुमाले? आता घरी आराम करा."

"हे पॅनल सांगून राह्यलं का तू?"

"मीच सांगून राह्यली."

"बरं," म्हणाल्या. टेस्टर खुंटीला अडकवला आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. संध्याकाळी मी घरी पोचले की तेवढं विचारायच्या, "किती ओढते मोटर?" मी थकलेली असायचे. "बरोबर आहे," म्हणायचे. आकडा कधी सांगितला नाही.

घरी बसल्याने कोणी मरत नाही, हे मला कळतं. डॉक्टरांनीही हृदयाचं कारण सांगितलं. तरी २ नोव्हेंबरला कोंडा झाडून झाल्यावर मोटर सुरू केली आणि एकेक तार जबड्यात धरली. पॅनल चुकत असावं, निदान एका तारेत, असं फार वाटत होतं. मग माझं काय चुकलं ते बोट ठेवून सांगता आलं असतं... पॅनल बरोबर होतं. मीटरवर मात्र सेल उतरल्याची खूण लुकलुकत होती, आणि उतरलेल्या सेलवर मीटर चुकूही शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा सेल आणून घातला आणि तिन्ही तारा पुन्हा मोजल्या. आकडे तेच आले.