आधी मोरी दाखवा

आपांना घाणीची किळस कधीच नव्हती. आखाती शहरातल्या, अल सद्द भागातल्या आमच्या ऑफिसखाली पार्किंगमध्ये मांजर ओकलं, तर वॉचमनला हाक न मारता त्या स्वतः टिश्यूने पुसून घ्यायच्या आणि हात धुऊन वर येऊन इथला दुधाळ, कडक 'करक' चहा प्यायच्या. त्यांना मळमळायचं ते मीटिंगमध्ये. पडद्यावर गुळगुळीत स्लाइड आली, कुणी तोंडभर 'सीमलेस' म्हणालं, की त्यांचा चेहरा नासलेलं दूध हुंगल्यासारखा व्हायचा. "विनायक," त्या माझ्या कानाशी पुटपुटायच्या, "मला खरंच ढवळतंय रे."

आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या. इथे मदिनत खलीफा वस्तीत मुलीसोबत राहायच्या. आमच्या कंपनीचं काम असं, की दवाखाने, लॅब, विमावाले आणि नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या यांना माणसांची माहिती एकमेकांना दाखवता यावी. ती एका कोठारात ओतायची नाही. ज्याची त्याच्याकडे राहील; त्या माणसाच्या संमतीने, ठरलेल्या अटींवर, हवी तेवढीच दुसऱ्याला दिसेल. या अटी सांभाळणारं सॉफ्टवेअर बाहेरून विकत यायचं. ते तपासून 'पारखलेलं' असा शिक्का द्यायचा की नाही, हे आपा ठरवायच्या. मी त्यांच्या हाताखाली होतो.

मला त्यांनी ते काम पहिल्या दिवशी असं समजावलं होतं : "शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तर साखर द्यावी. तिने आपला फ्रिज उघडून कालची आमटी हुंगायची नाही. एवढंच बघायचं आपण."

सॉफ्टवेअर विकणारे यायचे ते स्वच्छ, बेतलेली उदाहरणं घेऊन. पेशंटचं नाव एकाच स्पेलिंगचं, संमती एकदाच दिलेली, सगळं कसं इस्त्री केलेलं. आपा ते शेवटपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "दिवाणखाना झाला. आधी मोरी दाखवायला हवी होती." मग स्वतः बसायच्या. एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने घालायच्या, संमती द्यायच्या, अर्ध्यावर काढून घ्यायच्या. विकणाऱ्याच्या कपाळावर एसीतही घाम यायचा. त्यांनी नापास केलेल्या मंडळींनी त्यांचं नाव 'खलास मॅडम' ठेवलं होतं. ते ऐकून त्या खूश व्हायच्या.

अशातच एक परदेशी टूल आलं. दुसऱ्या देशात पास झालेलं, महागड्या माहितीपत्रकासकट. आपांनी त्यात एक खोट पकडली. माणसाने संमती मागे घेतली, की दवाखान्याच्या पडद्यावर 'मागे घेतली' असं यायचं. पण समोरच्या कंपनीच्या पडद्यावर त्याचा आजार तसाच दिसत राहायचा. त्यांनी टूल नापास केलं.

डायरेक्टर हसत म्हणाले, "आपा, यल्ला, चलो, चालू तो करो. बाद में ठीक हो जायेगा, इन्शाल्ला."

"अल्लाचं नाव असल्या ठिकाणी घेऊ नका," आपा त्यांना हिंदीत म्हणाल्या आणि उठून गेल्या. दुसऱ्या खात्याने शिक्का मारला. आधी आमचं ऑफिस आणि आमच्या गाड्या पुरवणारा कंत्राटदार, एवढ्यांपुरतं टूल सुरू झालं. उद्घाटनाचा केक कापला गेला. आपांनी आपला तुकडा टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात टाकला. इतरांची बोटं चाटणं मला त्या दिवशी बघवेना.

आमची गाडी चालवणारे शिंदेमामा बीडचे. त्यांना खरूज झाली होती. रजा मिळावी म्हणून कंत्राटदाराला कळवायची संमती त्यांनी दिली, औषध घेतलं, बरे झाले आणि संमती काढून घेतली. पुढे कंत्राटदाराकडे नवा सुपरवायझर आला. त्याने पडद्यावर आजार वाचला आणि मामांचा पलंग कामगारांच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये टाकला. मेसमध्ये त्यांचं ताट वेगळं झालं. ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं पत्ते खेळले, ते लोक त्यांना पाहून बनियन खाली ओढून अंग झाकून घेऊ लागले.

"मी बरा झालोय म्हून सांगतोय, पर ऐकतंय कोण," मामा पार्किंगमध्ये सांगत होते. "हातात हात देईनात, आपा. मलाच माझी घाण वाटाया लागली."

आपांनी मामांचा डबा उघडला, त्यातली भाकरी मोडली आणि मामांसोबत तिथेच बॉनेटपाशी उभ्या राहून खाल्ली. "आता मला ओकारी येणार," वर येताना लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या. भाकरीमुळे नव्हे, हे मला कळत होतं.

पुढच्याच आठवड्यात सगळ्या सभासद संस्थांची बैठक होती. दवाखान्यांचे, विम्याचे, कंपन्यांचे प्रतिनिधी, बहुतेक पुरुष. त्या दिवशी टूल त्या सगळ्यांसाठी खुलं व्हायचं होतं. डायरेक्टरांनी गोड भाषण केलं. मग आपा उठल्या आणि त्यांनी आमच्या एचआरला दिसतो तो पडदा लॅपटॉपवरून भिंतीवर दाखवला. त्यावर त्यांचंच नाव होतं. खाली लिहिलं होतं, की गर्भाशय काढलं आहे, कशामुळे काढलं, आणि त्यानंतर कोणत्या तक्रारी राहिल्या.

"ही मी," त्या शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या. "ऑपरेशनच्या रजेसाठी संमती दिली होती, ती मागे घेतली आहे. दवाखान्याचा पडदा तसं सांगतो. हा पडदा मात्र हे सांगतो. सावकाश वाचा."

कुणी वाचेना. एकजण पाण्याची बाटली उघडत बसला, एकाने मान फिरवली. डायरेक्टर धावत लॅपटॉप बंद करायला आले. आपांनी त्यांचा हात अडवला. "तुम्हाला नको वाटतंय? मग आपल्या ड्रायव्हरचा आजार असाच दिसत राहिला, तेव्हा का नाही वाटलं?"

टूल त्याच दिवशी बंद झालं. शिंदेमामांचा पलंग खोलीत परत आला, सुपरवायझरने माफी मात्र मागितली नाही. मामांनीच पुढे ती नोकरी सोडली आणि एका बेकरीची गाडी धरली. आपांचा करार वाढवला गेला नाही. त्या अजून ऑफिसात येत होत्या, तोवरच आमच्या कॉरिडॉरमध्ये झकास पोस्टर लागलं : आम्ही प्रत्येक साधन कठोरपणे पारखतो. त्यावर हसरा डॉक्टर आणि हसरा कामगार. मला त्या भिंतीवरून जाताना तोंडात कडू पाणी यायचं. आजही येतं.

आपा हा देश सोडून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मदिनत खलीफाला सामान बांधायला गेलो. मुलगी खोक्यांवर नावं टाकत होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत द्यायची. तिने आईला इंग्रजीतच विचारलं, "तुझं ते ऑपरेशन आता त्या सगळ्या लोकांना माहीत झालं. तुला लाज नाही वाटली?"

आपा ताटं कागदात गुंडाळत होत्या. "वाटली की," त्या म्हणाल्या. "पण ते माझं होतं, मी सांगितलं. सांगायचं की नाही, हे माझं मीच ठरवणार."

मुलीने मार्कर खाली ठेवला. आईच्या हातातलं ताट घेतलं आणि मराठीत म्हणाली, "बस तू. मी करते."