दिल्लीत जाऊन सगळ्यात खराब खोली मागितली

दिल्लीला जायचं ठरलं ते आमच्या सासूबाईंच्या एका बोलण्यावर. पंधरा ऑगस्टला टीव्हीवर लाल किल्ला दिसत होता आणि लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, "मी जाईन मरून, पण हा किल्ला काई माह्यासाठी टीव्हीच्या बाहेर येत नाई." त्या कधीच काही मागत नाहीत. नांदगाव खंडेश्वरला आमचा भाजीचा मळा आहे, आणि ती भाजी त्यांनी चाळीस वर्षं अमरावतीच्या बाजारात बसून विकली. आता ते काम माझ्याकडे आहे. त्यांचे गुडघे गेलेत. तीन पायऱ्या चढल्या की चौथीवर बसतात. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, फेब्रुवारीत जायचं. तेव्हा दिल्लीची थंडी उतरलेली असते, ऊन तापलेलं नसतं. तुम्हीही तेव्हाच जा.

मी चौथीपर्यंत शिकलेली. हे सगळं मोबाईलवर बोलून लिहिते, माझी पोरगी पल्लवी काने-मात्रे नीट करून ब्लॉगवर टाकते. बाकी शब्द माझे आहेत. कोणाला आवडो न आवडो.

आम्ही सहा जण. मी, आमचे मालक, पल्लवी, सासूबाई, आणि अकोल्याहून माझे दीर आणि जाऊ वंदना. वंदना बीए झालेली. तिनं महिनाभर आधीच फोनवर हॉटेल ठरवलं आणि मला फोटो पाठवले. गादीवर टॉवेलचं बदक करून ठेवलेलं, खिडकीतून ऊन, लिफ्ट, सगळं चकचकीत.

मी फोन लावला. "वंदना, न पाहता मी वांगी घेत नाई, अन् खोली घेऊ?"

"ताई, आता जग असंच चालते. दिल्लीले जाऊन खोल्या पाहत फिरणार का?"

"फिरीन."

"आत्याबाईले घेऊन?"

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, आणि तिथं ती बरोबर बोलली होती. मागून दीर म्हणाले, "वहिनी, पैसे तिथं गेल्यावर द्याचे हायेत. पोचलो त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत नको म्हणता येते." ते अकरा मी डोक्यात पक्कं धरून ठेवलं.

नांदगावहून जीपनं बडनेरा, तिथून रेल्वेनं नागपूर. वंदना आणि दीर अकोल्यालाच त्या गाडीत बसले होते, जागा धरून. नागपूरहून दुपारी दिल्लीची गाडी. म्हाताऱ्या माणसाचं तिकीट काढताना वय बरोबर लिहा, खालची जागा मिळायची आशा असते. आम्हाला मिळाली. सोबत दशम्या, कोरडा झुणका, ठेचा आणि पिशवीभर संत्री. समोरच्या बाकावरच्या दिल्लीच्या बाईनं ठेचा मागितला. मी म्हटलं, "थोडाच लो." तिनं थोडा घेतला नाही. मग इटारसीपर्यंत ती आमची संत्री खात बसली.

दिल्ली सकाळी आठच्या आत आली. स्टेशनबाहेर रिक्षावाले अंगावर येतात, घाबरू नका, पण पहिल्यानं सांगितलेला भाव देऊही नका. दोन बॅटरीवाल्या रिक्षा केल्या आणि वंदनाच्या हॉटेलवर पोचलो. नाव लिहीत नाही, भांडणं नकोत.

काउंटरवरच्या माणसानं हसत हसत पहिल्या मजल्यावरची खोली दाखवली. बदक होतं. ऊनही होतं. वंदनानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं शाळेत पहिली आलेली पोरगी मागच्या बाकाकडं पाहते.

आता इथं माझा धंदा सांगावा लागतो. आम्ही भाजीवाले टोपली लावतो तेव्हा चांगला माल वर ठेवतो. सगळेच ठेवतात, मीही ठेवते, यात लपवायचं काय? म्हणून बाजारात जुनं गिऱ्हाईक वरचं वांगं उचलत नाही. कोपरापर्यंत हात घालतं आणि तळाचं काढून पाहतं. तळ चांगला तर टोपली चांगली. मला ते बदक दिसलं आणि वाटलं, हा तर वरचा थर.

मी विचारलं, "भैया, हमको यहीच खोली देते क्या?"

"ऐसी ही है, मैडम."

"ऐसी नको. जो देते वोच बताओ."

तो फोनमध्ये पाहू लागला. मी उभीच राहिले. मला थांबायची सवय नाही, पण समोरच्याला सुटू न द्यायची आहे. शेवटी त्यानं चावी काढली. तिसरा मजला. लिफ्टवर पुठ्ठा लावलेला, 'काम चालू आहे' अशा अर्थाचा, आणि पुठ्ठ्यावर धूळ बोटभर. वर खोलीत खिडकीला पडदा होता, पडद्यामागं खिडकी नव्हती. संडासात शिरायला गुडघ्याएवढी पायरी.

खाली आले. सासूबाई सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांनी फक्त विचारलं, "किती पायऱ्या हाय?"

मी मोजल्या होत्या. "बावन्न."

"मग मी चढीन एकदा. चार दिवसांनी उतरीन."

त्या चिडून नाही बोलल्या, खरंच तसं ठरवून बोलल्या. सातशे-आठशे मैल येऊन ही बाई चार दिवस खोलीत बसायची आणि आम्ही येऊन तिला किल्ल्याचे फोटो दाखवायचे. माझं डोकं फिरलं.

"मी दुसरं पाहून येते."

वंदनाचा चेहरा पडला. "ताई, रिव्ह्यू चांगले होते ना. अन् दुसरीकडं यापेक्षा खराब निघालं तर? मग हेही गेलं."

दिरांनी घड्याळ पाहिलं. साडेआठ.

मी सगळ्यांसमोर बोलले, "अकरापर्यंत मी खोली आणली नाई, तर इथंच राहू. आत्याबाईले मी अन् मालक उचलून वर नेऊ, अन् चार दिवस मी तोंडातून शब्द काढणार नाई."

"चार दिवस?" आमचे मालक म्हणाले. प्रवासात ते पहिल्यांदाच बोलले. "तर मग मी कशाले शोधू लागू?"

पण आले माझ्यासोबत.

करोल बागेच्या बाजूला गल्ल्याच गल्ल्या आणि गल्लीत हॉटेलच हॉटेल. तुम्ही जाल तर पाट्या पाहू नका, पाट्या सगळ्यांच्या चांगल्या असतात. मी प्रत्येक काउंटरवर एकच म्हणायचं ठरवलं: "तुम्हारी सबसे खराब खोली बताओ."

पहिल्या ठिकाणी पोरगा हसला आणि म्हणाला, खराब खोलीच नाही आमच्याकडे. मी बाहेर पडले. ज्याच्या टोपलीला तळच नाही, त्याच्याशी काय बोलायचं? दुसऱ्या ठिकाणी मॅनेजरला राग आला. "मैडम, लेना है तो लो." नाही घेतली. तिसऱ्या ठिकाणी दाखवली, पण गादी उचलली तर खाली ओल. चौथ्या ठिकाणी जागाच नव्हती. दहा वाजून गेले. माझी चप्पल घासत होती. आमचे मालक मागून म्हणाले, "सरिता, उचलू ना तिले दोघं. वजन काई जास्त नाई."

"तुमी चूप राहा. आत्याबाई काय पोतं हायेत का?"

पाचवं हॉटेल कोपऱ्यावर, चार पायऱ्यांऐवजी बाजूनं सिमेंटचा उतार. हॉटेलवाला साठीचा, कानटोपी घातलेला, चहात टोस्ट बुडवत बसलेला. मी माझं वाक्य बोलले. त्यानं टोस्ट खाऊन संपवला, हात पुसले आणि म्हणाला, "आइए." एकदाही कारण विचारलं नाही.

जिन्याच्या मागं, तळमजल्यावर, कोपऱ्यातली खोली. त्यानं दार उघडायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. इथं उजेड कमी येतो. भिंतीचा रंग या कोपऱ्यात उडालेला आहे. आणि भिंतीपलीकडं पाण्याची मोटार आहे, पहाटे पाचला सुरू होते, लोक तक्रार करतात, म्हणून ही खोली कोणी घेत नाही.

मी आत गेले. गादी उचलली, कोरडी. चादर हुंगली, साबणाचा वास. संडास बसायचा, उंच, पायरी नाही. नळ सोडला आणि हात धरून ठेवला. पाच मिनिटांनी गरम पाणी आलं. दाराजवळ धरायला दांडी. सकाळी आंघोळ झाल्याशिवाय सासूबाई पाण्याचा थेंब घेत नाहीत, म्हणून गरम पाणी माझ्या यादीत लिफ्टच्याही आधी होतं.

"मोटर का आवाज बहुत है," तो पुन्हा म्हणाला.

आमचे मालक हसायला लागले. मीही. आमच्या मळ्यात वीज येईल तेव्हा पाणी द्यावं लागतं. सासूबाईंचं अर्धं आयुष्य मोटारीच्या घरघरीत गेलं. मोटार सुरू झाली की त्या निवांत झोपतात, बंद पडली की दचकून उठतात. मी त्याला सांगितलं, "भैया, मोटर के साथही सोनेवाली है हमारी सासू."

त्यानं दुसरी खोली वर दुसऱ्या मजल्यावर दाखवली, उजेडाची, गॅलरीची. ती मी दीर आणि वंदनासाठी घेतली. भाव वंदनाच्या हॉटेलापेक्षा थोडा जास्तच झाला, खोटं कशाला सांगू? सकाळचे पराठे त्यातच. आधार कार्ड सगळ्यांचं खरं लागतं, झेरॉक्स चालत नाही.

आम्ही परत पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. दीर फोन हातात धरून उभेच होते. वंदना म्हणाली, "ताई, कसं हाय?"

मी म्हटलं, "खराब हाय. चल."

वंदनानं वरची खोली फिरून पाहिली. गॅलरीत गेली, खाली रस्ता पाहिला. मग माझी अंधारी खोली पाहिली आणि म्हणाली, "तुमी काहून ही घेतली? आपण बदलून घेऊ." मी नाही म्हटलं. पण ती तसं म्हणाली, हे इथं लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मोटार सुरू झाली. पल्लवीनं उशी डोक्यावर घेतली. सासूबाई अंधारातच म्हणाल्या, "पाणी सुरू झालं वाटते," आणि कूस बदलून सातपर्यंत झोपल्या.

लाल किल्ल्याला सोमवारी जाऊ नका, बंद असतो. मेट्रोचं स्टेशन किल्ल्याजवळच आहे, म्हाताऱ्यांसाठी लिफ्ट विचारा, असते. आत चालणं पुष्कळ. गेटवर चाकाची खुर्ची विचारली तर मिळाली. सासूबाईंनी त्यात आमच्या पिशव्या ठेवल्या आणि स्वतः ती खुर्ची ढकलत निघाल्या. किल्ल्याच्या आतच छताचा बाजार आहे, त्यातून, दोन्हीकडची दुकानं पाहत, मधे थांबून बांगड्यांचा भाव करत. घेतल्या नाहीत. भाव करायचा होता.

जिथं झेंडा लावतात तो बुरूज बाहेरून दिसतो. बाहेर आल्यावर त्याच्यासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. पदर डोक्यावर, एक हात खुर्चीवर. वंदना फोटो काढत होती. मी वाट पाहत होते की बसतात की काय. नाही बसल्या.

"टीव्हीत लहान दिसते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न पाहता, "खोली खाली हाय, म्हणून एवढे पाय उरले."

पंचवीस वर्षांत या बाईनं माझं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. मी चष्मा पुसला. तुम्हाला वाटेल रडले. धूळ फार असते तिथं.

बाकीचं थोडक्यात. इंडिया गेट संध्याकाळी पाहा. कुतुबमिनारला टोपी न्या. राष्ट्रपती भवन आधी फोनवर नाव नोंदवल्याशिवाय दाखवत नाहीत, ते दिरांनी केलं होतं. फोनवर सगळंच वाईट नसतं, मी मानते. छोले भटुरे दोघांत एक घ्या, एवढं तेल पचत नाही. मी हॉटेलमालकाला उरलेला ठेचा आणि सहा संत्री दिली. त्यानं ठेचा पराठ्यासोबत खाल्ला, कानटोपी काढली, आणि पुन्हा घेतला.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. परवा वंदनाचा फोन आला. तिच्या शेजारची बाई कुटुंब घेऊन दिल्लीला जाते आहे. "ताई, ते तुमच्या हॉटेलचं नाव सांगा ना." दोन महिन्यांपूर्वी जी मला फोटो पाठवत होती, ती. मी नाव सांगितलं, आणि वर म्हटलं, "नाव विसरली तरी चालते. सगळ्यात खराब खोली दाखवा म्हणा. जो काहून न विचारता दाखवते, त्याच्याकडं राहाचं."

मात्र एक गोष्ट माझ्याच मागं लागली. आल्यावर पहिल्या बाजाराला वांगी लावताना मोठी वर ठेवायला हात गेला आणि थांबला. तो कानटोपीवाला आठवला. मी दोन दिवस सगळा माल मिसळून लावला. गिऱ्हाईक वरून पाहायचं आणि शेजारणीकडं जायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा चांगला माल वर. पोट आहे मला.

पण रविवारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या. एक बाई आली, वरची वांगी पाहून म्हणाली, "खाली काय भरलं, ते कोणाले माहीत?" आधी मी अशीला दोन शब्द ऐकवले असते. या वेळी उठले. गोणपाट पसरलं आणि अख्खी टोपली त्यावर उलटी केली. बारकी, वाकडी, एक किडकं, सगळं समोर. किडकं मीच उचलून बाजूला टाकलं.

ती बाई वाकून पाहू लागली. मग खाली बसली आणि दोन किलो निवडून घेतली.

सासूबाईंनी तिला पिशवी धरून दिली आणि म्हणाल्या, "आमची सून हाय. दिल्लीत शिकली."