बाबा आणि भाऊ ज्यावरून वाद घालायचे

माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. आदिलाबादच्या आमच्या घरी त्याचा फोन आला की आधी आई बोलायची, मग मी. शेवटी फोन बाबांकडे जायचा आणि वाद सुरू व्हायचा. कोणता देश सैन्यावर किती खर्च करतो, यावरून.

बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. पोराला ‘कसा आहेस’ एवढं विचारणंही त्यांना कधी जमलं नाही. भाऊही त्यांच्याशी मोकळा नव्हता. या एका विषयावर मात्र दोघं थांबायचे नाहीत. भावाचं म्हणणं, एकूण रक्कम बघा, शेजारचा मोठा देश आपल्या कितीतरी पुढे आहे. बाबा म्हणायचे, नुसत्या रकमेवरून काय कळतं? देशाच्या उत्पन्नातला वाटा बघावा. काही लहान देश तर पोटाला चिमटा काढून तोफा घेतात. त्यावर भाऊ आणखी काही काढायचा. आई कंटाळून आत निघून जायची.

मागच्या हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. लढाई नव्हती, गोळीबार नव्हता. रस्ता बर्फानं निसरडा झाला होता. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी घरी आली तेव्हा तलमडुगु, बाजारहत्नूर अशा आसपासच्या गावांहून माणसं आली. बाबा रडले नाहीत. येईल त्याला खुर्ची देत राहिले.

मग अर्थसंकल्पाचा दिवस आला. टीव्हीवर देशांच्या सैन्यखर्चाची तुलना दाखवत होते, रंगीत खांब, कुणाचा उंच, कुणाचा बुटका. बाबा आवाज बंद करून बघत बसले होते. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी भावाचंच वाक्य म्हटलं, “बाबा, एकूण रक्कम पाहाले पाहिजे.”

“रकमेवरून काय कळते? वाटा...” सवयीनं एवढं म्हणाले आणि थांबले.

“मले त्या देशांचं काय करायचं होतं,” ते म्हणाले. “त्याचं बोलनं पटलं म्हटलं असतं तर त्यानं फोन ठेवला असता. म्हनून मी उलटं बोलत होतो.”

मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तिकडे थंडी किती पडे? तुले सांगे का तो?”

तो मला सांगायचा. ओले मोजे शेगडीवर धरावे लागतात. दाढीचा साबण गोठतो. आईची तिळाची चटणी बर्फासारखी कडक होते, ती तो खिशात ठेवून मऊ करतो. एकदा पहाऱ्यावर त्याला आपल्याकडच्या उन्हाळ्याची आठवण आली आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मी सांगत गेले. बाबा मान खाली घालून ऐकत होते.

“अजून सांग,” ते म्हणाले.

माझ्याजवळचं सगळं सांगून झालं होतं, आणि ते वाट बघत बसले होते.