काकांच्या आड गवती चहा

गेल्या जूनमधला एक रविवार, मंजूर खर्च दीड हजार रुपये. हजर तिघे: मी, बायको आणि कुंपणापलीकडे झोपाळ्यावर बसलेले शेजारचे गुजराती काका. सुभानपुऱ्यातल्या आमच्या मागच्या व्हरांड्यात बायकोला एकदा तरी निवांत जेवायचं होतं. काका रोज तिथून ताटातल्या भाजीवर मत देत. आडोसा हवा होता, पण कुंपणालगतच आमची सेप्टिक टँक.

“बांबू लावू,” मी म्हणालो.

“अरे भाई, मुळं टाकी फोडतील!” काका पलीकडून म्हणाले. “वरवरच्या मुळांचा गवती चहा लावा. त्याच्याआड बसलेला माणूस दिसत नाही.”

“काका, आडोसा तुमच्यासाठीच आहे,” बायको म्हणाली.

“म्हणून तर नीट सांगतोय, बेन.”

सल्ला बरोबर होता, म्हणून गवती चहाच लावला. पावसाळ्यात तो छातीएवढा झाला. मग काका रोज सकाळी स्वतःच्या चहासाठी पाती कापून नेऊ लागले, नेमकी व्हरांड्यासमोरची, आणि दुपारी त्याच फटीतून विचारू लागले, “आज परत वांगी?”

शेवटी भाजीवालीला महिन्याचे तीनशे रुपये आगाऊ दिले, रोज सकाळी काकांना गवती चहाची एक जुडी पोचवण्यासाठी.