चांदीचे डुक्कर

माझ्या साडूंइतका निरुपद्रवी आणि तरीही अब्रुनुकसानीच्या दाव्यास सर्वथा पात्र असा दुसरा गृहस्थ आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे; एका कचेरीच्या विधी शाखेत माझी तीस वर्षे गेली आणि निवृत्तीनंतरही आठवड्याला किमान दोन तक्रारअर्ज माझ्या हातून रवाना होतात. साडूंचा छंद चांदीच्या नाण्यांचा. चिनी पंचांगात प्रत्येक वर्ष एका प्राण्याच्या नावे असते आणि बारा वर्षांनी तोच प्राणी परत येतो. त्या त्या वर्षीच्या प्राण्याचे बशीएवढे नाणे ते सिंगापूरच्या एका स्नेह्याकडून टपालाने मागवीत. कोरमंगलातल्या सुताराकडून त्यांनी बारा खणांची शिसवी पेटी करून घेतली होती. नाणे पाहायचे तर पाहुण्याने साबणाने हात धुवावेत, मांडीवर दुलई घ्यावी, नाणे कडेनेच धरावे आणि तोंड मिटून ठेवावे, कारण थुंकीचा तुषार चांदीला डागतो. एका लक्ष्मीपूजनाला अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, घोड्याचे नाणे चिंच लावून लख्ख घासले, तेव्हा हा माणूस दोन दिवस नीट जेवला नाही. रागावला मात्र नाही. याहून वाईट खोड म्हणजे भेटेल त्याचे जन्मवर्ष विचारून त्याचा प्राणी जाहीर करायचा. दूधवाला वाघ, बँकेचा मॅनेजर साप.

१९९५ साली माझी साठीशांत झाली. भर मांडवात, व्याह्यांच्या देखत, साडूंनी माझ्या हाती मखमली डबी दिली. उघडली, तर आत डुक्कर.

"तुमचंच वर्ष, वकीलसाहेब," ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "पस्तीसचा जन्म, म्हणजे हेच. स्वल्प जाड आहे, पण चांदी अस्सल."

मांडव हसला. तिसऱ्या दिवशी, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या या गृहस्थांना मी रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली: पंधरा दिवसांत लेखी माफी, अन्यथा दावा.

चौदाव्या दिवशी अक्का आल्या. "भावोजी, दावा खुशाल लावा. पण ते डुक्कर दुसरं नाही हो यांच्याकडे. वर्षाचं एकच येतं. पेटीतला खण रिकामाच ठेवलाय. मी म्हटलं, शाल द्या की. तर म्हणतात, साठीला माणसाचं वर्ष परत येतं, ते मी कपाटात कोंडू?" जाता जाता त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी जिना बंद केलाय त्यांचा."

मी डबी घेऊन तडक गेलो. साडू खिडकीशी बसले होते, निम्मे झालेले. मी मुद्दा मांडला: "अण्णा, घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय बक्षीस पूर्ण होत नाही. मी स्वीकारलेले नाही. सबब हे आजही तुमचेच."

"मग स्वीकारा की," ते म्हणाले. "त्याला मुदत असते का हो काही?"

असते. देणाऱ्याच्या हयातीत. हे कलम मी आयुष्यभर इतरांना ऐकवीत आलो. त्या दुपारी ते माझ्या तोंडून निघेना. मी अक्कांकडे कागद मागितला, 'नाणे सहर्ष स्वीकारले, नोटीस मागे घेतली' असे लिहून खाली सही केली. साडूंनी तो कागद लांब धरून दोनदा वाचला.

"सरी, ठीक आहे," ते कानडी वळणावर म्हणाले. "साक्षीदार?"

अक्कांनी कणकेचे हात पुसून सही केली.

पुढल्या वर्षी सिंगापूरहून उंदीर आला. पाकिटावर नाव साडूंचेच होते. पोस्टमनच्या कागदावर सही मला करावी लागली.