थोरल्या पातीचं गेज

देवासला एकेकाळी एकाच गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. ती जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आता दोन्हीकडच्या घरांना सारखेच विजेचे मीटर आहेत आणि नळाला सारखंच एक दिवसाआड पाणी येतं. तरी जगदेवरावांना कुणी पत्ता विचारला तर ते घराचा नंबर सांगण्याआधी पाती सांगतात.

त्यांचे आजोबा थोरल्या पातीत चोपदार होते. चांदीची काठी धरून पुढे चालायचं आणि मागून कोण येत आहे ते मोठ्याने सांगायचं, हे आजोबांचं काम. जगदेवराव पाटबंधारे खात्यात लागले आणि चौतीस वर्षं तलावातल्या खुणेच्या खांबावर पाण्याची पातळी वाचून वरच्या ऑफिसला कळवत राहिले. दोन्ही कामं त्यांना एकाच घराण्याची वाटत. काठी बघायची आणि जगाला सांगायचं.

निवृत्तीनंतर सांगण्यासारखी एकच पातळी उरली, ती गाडीच्या तेलाची. गाडी तीस वर्षांची, पांढरी, चौकोनी. रोज सकाळी सातला ते बोनेट उघडत. इंजिनातलं तेल मोजायची पोलादी पट्टी, जिला गॅरेजात गेज म्हणतात, ती उपसत, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत, पुन्हा आत घालून लगेच बाहेर काढत आणि उजेडात उंच धरत. मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, "तेल पूर्ण आहे." समोरच्या किराणावाल्याचं शटर त्यानंतर वर जाई. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा केव्हाच गेला होता. तो बदलायची त्यांना गरज वाटली नव्हती. दिव्यावर भरवसा नोकरमाणसांनी ठेवावा, असं त्यांचं मत होतं.

गाडीच्या नोंदणीची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. मुलगा यशराज पीथमपूरला कारखान्यात होता, आठवड्यातून एकदा घरी येई. त्याने शांतपणे अट घातली.

"आबासाहेब, नीतूच्या लग्नाला धारला गाडी न्या. वाटेत कुठं बंद पडली नाही तर मी स्वतः आरटीओत जाऊन कागद करून आणतो. पडली तर भंगारवाल्याला देऊ. मग तुम्हाला टॅक्सी."

"सिग्नलला थांबलेली धरायची का?"

"सिग्नल आणि टोल सोडून."

नीतू म्हणजे धारच्या भवानीबाईंची, जगदेवरावांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मामाने भाचीला बोहल्यापर्यंत आणायचं असतं. टॅक्सीतून उतरलेला मामा जगदेवरावांना चित्रातसुद्धा दिसत नव्हता. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही फारसं राहिलं नव्हतं. गाडी गेली असती तर सकाळचे सात वाजले असते आणि कुणाला कळलं नसतं.

लग्न रविवारी होतं. बुधवारी सकाळी गेजची कडी त्यांच्या हातात आली आणि पट्टी आतच राहिली.

त्यांनी कडीकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं. फडक्यानं कडी पुसली आणि तीच उंच धरली.

"तेल पूर्ण आहे."

शटर वर गेलं. गुरुवारीही गेलं. दहा वाजता मात्र ते पायी पीयूषच्या गॅरेजात पोचले.

पीयूषच्या आजीचं बोलणं अजून मराठी, त्याचं स्वतःचं निम्म्यात हिंदीत उतरतं. त्याने घरी येऊन नळीत डोकावलं. "काकासाहेब, खेचली कुणी इतक्या जोरानं?"

"खेचण्याचं कारण नव्हतं. ती आपणहून आली."

पीयूषने लांब चिमट्याने पट्टी धरली. वरचा अर्धा भाग बाहेर आला. खालचा, ज्यावर कमी आणि पूर्ण अशा दोन खुणा होत्या, तो सुळकन खाली तेलाच्या चेंबरमध्ये गेला.

"गई," पीयूष म्हणाला. "आता सोने दो तिला."

"इंजिनात लोखंडाचा तुकडा ठेवून मी धारला जाऊ?"

"लोग किडनी में पथरी लेके अमरनाथ हो आते हैं. तुकडा भारी आहे, तळाशी पडून राहील. चेंबर खोललं ना, तर पॅकिंग फाटेल, आणि या गाडीचं पॅकिंग मागितलं तर इंदूरचा दुकानदार हसतो." त्याने दुसऱ्या कुठल्या गाडीचं गेज आणलं होतं. ते नळीत बरोबर बसलं. "ये लो. फक्त हिच्या खुणा तुमच्या इंजिनाच्या नाहीत. त्या घासून मी नव्या मारतो. कुठं मारू, ते तुम्ही सांगा."

चौतीस वर्षं खुणा वाचलेल्या माणसाला खूण कुठे असते ते सांगता येईना.

सूनबाई गुंजन शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ती वह्या तपासत दारात उभी होती. "आबासाहेब, सगळं ऑइल काढून टाका ना. गाडीच्या किताबात तीन लिटर लिहिलंय. मोजून तीन टाका, मग पट्टी घाला. जिथवर ऑइल लागेल तिथं निशाण. हो गया."

"सूनबाई, हे शाळेतलं झालं," जगदेवराव म्हणाले. "नक्कल नेहमी मूळ बघून करायची असते. दप्तराचा नियम आहे."

मूळ गावात एकाच ठिकाणी होतं. तशीच गाडी, त्याच वर्षाची, शिवाजीरावांकडे होती आणि शिवाजीराव धाकट्या पातीचे. त्यांचे आजोबा दरबाराच्या तंबू-कनातींच्या खात्यावर होते. अठरा वर्षांपूर्वी समाजाच्या दसरा-मेळाव्यात सोनं आधी कुणाला द्यायचं यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. चोपदार दरबाराच्या पुढे असतो हे खरं, पण तंबूच नसेल तर दरबार भरेल कुठे, हा शिवाजीरावांचा मुद्दा होता. तो अजून कुणी खोडलेला नाही.

दोन्ही गाड्या पीयूषकडेच येत, म्हणून वकिली त्याच्याकडे गेली. तो दिवसभर स्कूटरवरून फेऱ्या मारत होता. जगदेवरावांनी स्वतः यावं, निरोप चालणार नाही. कबूल. यावं पुढच्या दारानं. कबूल. गेज घराबाहेर जाणार नाही, माप तिथेच घ्यावं. यावर थोरल्या पातीने दोन तास घेतले आणि कबूल केलं. चहा कोण आधी उचलणार हे पीयूषने विचारलंच नाही.

"काश्मीर सोपं असेल," तो गुंजनला म्हणाला.

"माझं सोल्यूशन दहा मिनिटांचं होतं."

"मॅडम, त्यात इज्जत कोणाची वाढते?"

शुक्रवारी पाच वाजता जगदेवराव इस्त्रीचा सदरा घालून गेले. बरोबर नवी पट्टी आणि पीयूष.

"या," शिवाजीराव म्हणाले. "थोरल्या पातीला काही कमी पडलं असं ऐकलं."

"कमी नाही. ताडून बघायचं होतं."

"बघा की. आमच्याकडे सगळं जागच्या जागी असतं."

चहा आला. दोघांनी एकदम कप उचलले. मग शिवाजीराव आत गेले आणि नॅपकिनात गुंडाळलेली वस्तू घेऊन आले. नॅपकिन उलगडताना त्यांचा वेग कमी होत गेला. आत एक बारीक काळी काडी होती, टोकापासून चार बोटांवर निळा दोरा बांधलेला.

जगदेवरावांनी ती डोळ्यांजवळ नेली. "हे काय?"

"गेज."

"ही छत्रीची काडी आहे, शिवाजीराव."

"चांगल्या छत्रीची आहे." त्यांनी नॅपकिनाची घडी केली. "मूळ तुटलं त्याला दोन वर्षं झाली. तुम्हाला कळू नये म्हणून बोललो नाही."

"मग हा दोरा कशावरून बांधला?"

शिवाजीराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्यावरून. रोज सकाळी तुम्ही ते वर धरून सगळ्यांना दाखवता. आमच्या गच्चीवरून दिसतं. नातवाची दुर्बीण होती. तेलाची ओल कुठवर चमकते ते चार-पाच दिवस पाहिलं आणि बांधला."

पीयूष चपला घालण्याच्या निमित्ताने बाहेर गेला आणि तिथेच वाकून बसला. त्याचे खांदे हलत होते. आत दोन्ही पात्या अठरा वर्षांत पहिल्यांदा एकाच काडीकडे बघत होत्या.

"कुणाला सांगायचं नाही," शेवटी शिवाजीराव म्हणाले.

"तुम्हीही."

म्हणून शनिवारी सकाळी शाळेतलं करावं लागलं. पीयूषने गाडीखाली घमेलं ठेवून खालचा बोल्ट काढला. काळं, पातळ तेल आलं आणि लवकरच थेंबांवर आलं. गुंजनने ते नरसाळ्याने पाण्याच्या रिकाम्या लिटरच्या बाटल्यांत भरलं. एक बाटली भरली. दुसरी जेमतेम अर्धी झाली आणि घमेलं संपलं. तिसरी बाटली तिने झाकण न काढता बाजूला ठेवली.

"सांडलं असेल," जगदेवराव म्हणाले.

पीयूषने खालची फरशी दाखवली. ती कोरडी होती.

"बुधवारपासून दीड लिटर कसं जाईल?"

"बुधवारचं नाही हे, काकासाहेब. हे दो-तीन साल का है." पीयूषचा आवाज उतरला होता. "तुम्ही पट्टी घालता आणि लगेच काढता. नळीच्या आतल्या बाजूला जुनं तेल चिकटलेलं असतं, ते पट्टीला लागतं. वरपर्यंत ओली दिसते. नीट बघितलं तर फरक कळतो. असंच धारला निघाला असता तर घाटाबिल्लोदच्या पुढं इंजिन जाम झालं असतं."

नीट बघितलं तर. जगदेवराव त्या तीन शब्दांपाशी थांबले. गल्लीला रोज ऐकवलेलं ते वाक्य गेली दोन-तीन वर्षं खोटं होतं, आणि ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. धाकट्या पातीची खूणही त्यावरच बांधलेली होती. तिथे आज संध्याकाळी कुणाला तरी पाठवावं लागणार होतं.

मोजून तीन लिटर नवं तेल गेलं. पीयूषने इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं, थोडा वेळ थांबला, पट्टी घालून काढली आणि ओल संपत होती तिथे कानशीने बारीक रेघ मारली.

"बघून घ्या, काकासाहेब."

जगदेवरावांनी पट्टी उजेडात धरली. जवळ नेली, लांब नेली. मग अंगठ्याचं नख पट्टीवरून हळू खाली फिरवलं आणि जिथे अडलं तिथे म्हणाले, "हं. बरोबर आहे."

गुंजन बाटल्यांची झाकणं लावत होती. तिने ते नख पाहिलं. आत जाऊन साबणाने हात धुतले आणि पुन्हा धुतले.

दुपारी जगदेवराव तिच्या वह्यांच्या टेबलापाशी आले. उभेच राहिले.

"सूनबाई, तुम्हाला हायवेवर गाडी येते ना?"

"येते."

"उद्या जुन्या रिवाजानं जाऊ म्हणतो. दरबारात मालक कधी पुढं बसत नसत. मागं बसत."

त्यांचे आजोबा मालक नव्हते, काठी घेऊन पुढेच चालत होते, हे गुंजनला ठाऊक होतं. तिने वहीवर लाल शेरा मारला आणि म्हणाली, "ठीक आहे, आबासाहेब. नऊला निघू."

रविवारी गाडी इंदूरच्या बायपासवरून गेली, टोलला थांबली, बेटम्याला थांबली नाही. घाटाबिल्लोदला पीयूषचा फोन आला. गुंजनने तो उचलला नाही. मागे जगदेवराव फेट्याला धक्का लागू नये म्हणून ताठ बसले होते आणि प्रत्येक चढाला पायाने नसलेला अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते. आरशात त्यांचे डोळे दिसत. ते रस्त्यावर होते, पण कुठल्याच वळणाला ते वळणाच्या आधी वळले नाहीत.

धारच्या मंगल कार्यालयाच्या आवारात गाडी शिरली तेव्हा यशराज कारखान्यातून परस्पर येऊन फाटकाशी उभा होता. भवानीबाई तांब्या घेऊन पुढे आल्या. गाडी थांबली तरी जगदेवराव उतरेनात. मागचा दरवाजा आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतो, आणि हे गुंजनला सांगायचं ते विसरले होते.

"बघा, दादासाहेबांना अजून दार उघडून हवंय," भवानीबाई व्याह्यांकडच्या बायकांना अभिमानाने म्हणाल्या. "थोरली पाती ना."

यशराज आला. आधी त्याने ड्रायव्हरच्या सीटवर बायकोला पाहिलं, मग मागे वडिलांना.

"कुठं बंद पडली?"

"कुठंच नाही," गुंजन म्हणाली.

"आबासाहेब चालवणार होते ना?"

"अट गाडीची होती."

यशराजने दरवाजा उघडला. जगदेवरावांचा एक पाय बाहेर आला आणि जमीन कुठे आहे ते चाचपू लागला. ती वीतभरच खाली होती. यशराज ते बघत राहिला, मग त्याने हात पुढे केला. एरवी तो हात झिडकारला गेला असता. आज तो घट्ट धरला गेला.

"मंगळवारी सुट्टी टाकतो," यशराज हळू म्हणाला. "गाडीचे कागद करू. आणि इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"आधी गाडीचं."

"आधी गाडीचं. पण त्याच दिवशी."

आतून गुरुजींनी मुलीच्या मामांना बोलावलं. जगदेवरावांनी फेटा सारखा केला, भाचीला आणायला निघाले आणि मांडवाच्या पायऱ्या संपेपर्यंत मुलाचा हात सोडला नाही.